जिम गावात आली, वस्ताद मात्र मागंच राहिला

पोलीस भरतीची चाहूल लागली की तालुक्याकडं जाणारा डांबरी रस्ता पहाटे पाचलाच जागा होतो. पोरं-पोरी पळत असतात, कुणी पुलाच्या कठड्यावर पाय ताणत असतं, कुणी मोबाईलवर वेळ लावून बसलेलं असतं. संध्याकाळी यातलीच निम्मी पोरं जिममध्ये दिसतात. गेल्या काही वर्षांत बाजाराच्या गावांमध्ये गाळ्यागाळ्यात जिम निघाल्या. ज्या गावात जिम नाही, तिथं ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत रंगीत लोखंडी ओपन जिम उभी राहिली. कट्ट्यावर बसून मावा चघळण्यापेक्षा पोरगं घाम गाळतंय, हे चांगलंच आहे. त्याबद्दल दुमत नाही.

पण याच्या जोडीनं आणखी एक गोष्ट वाढली आहे. कंबर धरून बसलेलं पोरगं, खांदा वर न होणारं पोरगं, नडगीला क्रेप बँडेज गुंडाळून लंगडणारी पोरगी. प्रत्येक गावात अशी दोन-चार नावं निघतील. त्यांची बातमी होत नाही. बातमी होते ती कुणी मैदानावर किंवा जिममध्ये कोसळला तरच. मग दोन दिवस व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतो, तिसऱ्या दिवशी सगळं विसरलं जातं. म्हणून या विषयाकडं जरा थांबून बघायला हवं.

गेल्या दोन-तीन वर्षांत काय घडलं?

जून २०२४ मध्ये राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू होती. मुंबईजवळच्या बाळेगाव इथं राज्य राखीव पोलीस दलाच्या मैदानावर ५ किलोमीटर धावताना एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच मैदानावर इतरही काही उमेदवारांना त्रास झाला होता.

दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत तर कहर झाला. तिथं पुरुष उमेदवारांना एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. दमट उकाड्यात झालेल्या त्या चाचणीत दहाहून जास्त तरुणांचा जीव गेला. शेवटी सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या बिकानेरमध्ये पॉवरलिफ्टिंग करणारी १७ वर्षांची मुलगी सरावात २७० किलोचा रॉड उचलत होती. रॉड सटकून मानेवर पडला आणि ती गेली. ती नवशिकी नव्हती, स्पर्धेत पदक मिळवलेली खेळाडू होती. प्रशिक्षकही शेजारी उभा होता.

त्याआधी २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. २०२२ मध्ये विनोदवीर राजू श्रीवास्तव जिममध्ये कोसळले आणि महिनाभर उपचार होऊनही वाचले नाहीत. तेव्हापासून ‘जिम म्हणजे हार्ट अटॅक’ असं एक समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

या घटना एकसारख्या नाहीत. एकीकडं ऊन आणि अंगाबाहेरचं पळणं आहे, दुसरीकडं वजन हातातून सुटणं आहे, तिसरीकडं आधीपासून असलेला हृदयाचा त्रास असू शकतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवलं, की ‘जिमला जाऊच नका’ एवढाच धडा हाती लागतो. आणि तो चुकीचा आहे.

लस, जिम आणि व्हॉट्सॲप

तरुण माणूस अचानक गेला की गावात पहिला प्रश्न येतो, लशीमुळं झालं का? हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं तपासून पाहिलंय. देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट असलेल्या आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक मृत्यू झालेल्या ७२९ जणांची माहिती घेतली गेली. त्यांची तुलना जिवंत असलेल्या २,९१६ जणांशी केली.

निष्कर्ष असा निघाला की लशीमुळं धोका वाढलेला दिसला नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं असणं, घराण्यात कुणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरपूर दारू पिणं, नशेचे पदार्थ घेणं आणि त्याच ४८ तासांत अंगाला न झेपणारी जोरदार मेहनत करणं.

म्हणजे व्यायाम हा दोषी नाही. शरीराची तयारी नसताना केलेला अतिरेक, त्याला दारू किंवा नशेची जोड आणि घराण्यातला हृदयाचा आजार, इथं खरी गडबड आहे. शनिवारी रात्री ढाब्यावर बसायचं आणि रविवारी सकाळी जिममध्ये ‘भरपाई’ करायची, हा प्रकार गावाकडंही सुरू झालाय. तो बंद झाला पाहिजे.

तालमीत जे होतं, ते जिममध्ये नाही

आपल्याकडं व्यायाम नवा नाही. गावोगावी तालमी होत्या, अजूनही काही टिकून आहेत. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला लावत नव्हता. आधी हौद्यातली माती उकरायची, मग थोडे जोर, थोड्या बैठका. महिनोन् महिने अंग तयार झाल्यावर डाव शिकवायचे. मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवायची, कारण पोरगं पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि वस्तादाची नजर सगळ्यांवर असायची. कोण दमलाय, कोण तापानं फणफणलाय, कोण उगाच जोर दाखवतोय, हे त्याला दिसायचं. ‘आज तू बस’ म्हटलं की पोरगं बसायचं.

तालमीतही दुखापती व्हायच्या, तिथं सगळंच शास्त्रशुद्ध होतं असं नाही. पण एक व्यवस्था होती. जिममध्ये यंत्रं आली, आरसे आले, गाणी आली, फक्त वस्ताद आला नाही. अनेक ठिकाणी जिमचा मालकच ट्रेनर, आणि त्याचं शिक्षण म्हणजे त्यानं स्वतः चार वर्षं केलेला व्यायाम. काही ठिकाणी तर संध्याकाळी फक्त फी घ्यायला माणूस असतो. मग पोरांचा वस्ताद कोण? इन्स्टाग्रामवरची रील. तीस सेकंदांच्या रीलमध्ये १४० किलो उचलणारा गडी दिसतो, पण त्यामागची सहा-सात वर्षांची मेहनत दिसत नाही.

भरतीची घाई

आपल्या भागात दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण घाई हेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पोलीस दलातली सुमारे १५ हजार पदं भरायला मंजुरी दिली आणि गावोगावी पळापळ सुरू झाली. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वयाची अट खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. ज्याचं वय निघून चाललंय, त्याला वर्षभराची तयारी दोन महिन्यांत उरकायची असते.

शरीराचं गणित मात्र वेगळं आहे. नियमित सराव केला तर दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूही तसे लवकर तयार होतात. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे तयार व्हायला कित्येक महिने लागतात. त्यामुळं पोराला वाटतं, आता जमतंय, अजून पळू. दम साथ देतो आणि नडगीचं हाड दगा देतं. आधी नडगी दुखायला लागते. तरी डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत पळणं सुरूच राहिलं, तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. मग सहा-आठ आठवडे विश्रांती. तेवढ्यात मैदानी चाचणीची तारीख निघून जाते. म्हणजे ज्या भरतीसाठी घाई केली, तीच भरती हातची जाते.

यावर साधा हिशोब आहे. या आठवड्यात १० किलोमीटर पळालात तर पुढच्या आठवड्यात ११ च्या आसपास. वजनाचंही तसंच. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती. जमेल तिथं डांबराऐवजी मातीच्या मैदानावर पळा. आणि दुखतंय म्हणून गोळी खाऊन पळू नका. गोळीनं दुखणं झाकलं जातं, तडा भरून येत नाही. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर वेदनाशामक गोळ्यांचा भार किडनीवरही पडतो.

सुईचा शॉर्टकट

आता ज्यावर उघड बोललं जात नाही, त्याकडं येऊ. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही जिममध्ये जाणाऱ्या आणि भरती करणाऱ्या पोरांना ते चोरून विकल्याबद्दल पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं पश्चिम महाराष्ट्रात वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. भरतीच्या मैदानांवर सुया सापडल्याच्या बातम्याही येऊन गेल्या.

हे इंजेक्शन ताकद देत नाही. ते फक्त ‘मी दमलोय’ हा शरीराचा निरोप दाबून टाकतं. हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो आणि पोरगं आणखी जोर लावतं. गाडीचं इंजिन तापल्याचा लाल दिवा काढून टाकायचा आणि गाडी दामटायची, त्यातला हा प्रकार. हळूहळू सवय लागते, झोप उडते, भास होतात, हृदयाचा स्नायू कमजोर होतो. एकाच सुईनं तिघांनी टोचून घेतलं तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. स्टेरॉइडची कथाही निराळी नाही. दंड फुगतात, पण यकृत, हृदय आणि पुढं मूल होण्याची क्षमता, सगळ्याला झळ बसते.

प्रोटीन पावडरीचंही भूत उतरायला हवं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका असंच सांगितलंय. व्यायाम करणाऱ्या ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दूध, दही, अंडी, डाळ, मोड आलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे, जमल्यास मासे-मटण यातून ती मिळू शकतात. महिन्याला तीन-चार हजारांचा डबा घेण्यासाठी घरी भांडण काढायची गरज नाही.

शेतातली मेहनत धरूनच व्यायामाचा हिशोब

शहरातला माणूस दिवसभर खुर्चीत बसून जिमला जातो. आपल्याकडचं पोरगं दिवसभर ऊस तोडून, फवारणीचा पंप पाठीवर वागवून किंवा गोणी उचलून संध्याकाळी जिमला येतं. त्याची कंबर, खांदे आधीच दमलेले असतात. अशा दिवशी पुन्हा जड डेडलिफ्ट मारणं म्हणजे कंबरेला आमंत्रण.

‘मी ५० किलोची डीएपीची गोणी उचलतो, मग ८० किलोचा रॉड काय विशेष?’ असंही अनेकांना वाटतं. पण गोणी बहुतेक वेळा दोघं मिळून पाठीवर चढवतात आणि ती अंगाला चिकटून असते. रॉड जमिनीवरून उचलताना पाठीचा कणा वाकला, तर सगळा भार कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीवर येतो. गादी सरकली की पायात कळा, मुंग्या. मग जिमच काय, नांगरटीच्या दिवसात ट्रॅक्टरवर बसणंही अवघड. हातावर पोट असलेल्या घरात कमावता माणूस महिनाभर झोपला तर काय होतं, हे सांगायला नको. म्हणून जड कामाच्या दिवशी हलका व्यायाम किंवा सुट्टी. त्यात कमीपणा काही नाही.

जिममध्ये पाऊल टाकल्यावर

सुरुवातीची ८-१० मिनिटं अंग गरम करायला द्या. जागच्या जागी पळणं, खांदे-कंबर-गुडघे फिरवणं, हलक्या बैठका. एका जागी ताणून धरायचे प्रकार व्यायाम झाल्यावर करा.

पहिला महिना रिकाम्या रॉडवर किंवा हलक्या डंबेलवर काढा. १२ वेळा नीट, न हिसकता उचलता आलं तरच वजन वाढवा. शेवटच्या दोन वेळेला अंग वाकडं व्हायला लागलं की वजन जास्त आहे, असं समजा.

वजन उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. पाठ सरळ, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं. बेंच प्रेस करताना अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा, म्हणजे रॉड हातातून सटकून छातीवर येणार नाही. जड बेंच प्रेस आणि स्क्वॉट एकट्यानं करू नका. मागं धरायला माणूस हवा, आणि स्क्वॉटला आडवे लोखंडी आधार लावलेलेच हवेत. बिकानेरच्या घटनेचा धडा हाच, की वजन फार असेल तर शेजारी माणूस असूनही भागत नाही.

ताप, खोकला, जुलाब असताना व्यायाम बंद. काही विषाणूंच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डेंग्यू-चिकुनगुनियातून उठल्यावर तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

उन्हाळ्यात आमच्या भागात सकाळी दहालाच चटके बसतात. पळणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. सोबत पाणी, आणि घाम फार गेला तर मीठ-साखर-लिंबाचं पाणी. वजन लवकर उतरावं म्हणून स्वेटर किंवा प्लॅस्टिक घालून पळणारे दिसतात. त्यानं चरबी उतरत नाही, फक्त पाणी जातं आणि उष्माघाताला वाट मिळते.

चाळिशी ओलांडलेले, बीपी-शुगर असलेले, आणि ज्यांच्या घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय अशांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. ईसीजी ही साधी, स्वस्त तपासणी आहे. तिच्यात सगळंच दिसतं असं नाही, पण सुरुवात तिथून होते.

कोणतं दुखणं चालतं, कोणतं नाही?

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं नेहमीचं आहे. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. पण एकाच सांध्यात टोचणारं दुखणं, सूज, रात्री झोप मोडणारी कळ, पायात बधिरपणा, ही दुखापत आहे. तिथं थांबायचं. मुरगळलं की लगेच चोळून घ्यायची आपली सवय सोडा. पहिले दोन दिवस विश्रांती, कपड्यात गुंडाळलेला बर्फ, हलकी पट्टी. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रे काढायचा, हाडवैद्याकडं जाऊन दिवस घालवायचे नाहीत.

फार व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली आणि अंग दगडासारखं दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातला पदार्थ किडनीत अडकतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला तरीही थांबू नका.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, व्यायाम करताना शुद्ध हरपणं, हे ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

कुणी कोसळला तर

अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात पहिली पाच मिनिटं जातात, आणि तीच सगळ्यात मोलाची असतात. माणसाला हलवा, हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, किंवा फक्त आचके येतायत, तर एकानं लगेच १०८ ला फोन लावा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटीमीटर खोल. दमलात तर दुसऱ्यानं घ्या, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

उन्हात पळताना कुणी बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, बगलेत-मानेवर बर्फ लावा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

जबाबदारी कुणाची?

गावाकडं जिम काढायला शॉप ॲक्टची नोंद केली की बहुतेक काम भागतं. कामगार थोडे असतील तर नुसती सूचना दिली तरी चालते. ट्रेनर कोण, त्यानं काय शिकलंय, यंत्रं कधी तपासली, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर फिटनेस ट्रेनरचे अभ्यासक्रम कौशल्य विकासात उपलब्ध आहेत. तेव्हा फी भरण्याआधी विचारा, ट्रेनरकडं कुठलं प्रमाणपत्र आहे? छाती दाबून जीव वाचवायचं शिक्षण इथं कुणाला आहे का? उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुसरी जिम बघा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला उत्तर द्यायची तयारी मालक आपोआप करतो.

ओपन जिमचं दुखणं वेगळं. क्रीडा विभागाच्या योजनेतून किंवा लोकप्रतिनिधींच्या निधीतून ती बसते, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढं नट ढिले होतात, वेल्डिंग सुटतं, पाया हलतो, आणि लहान पोरं त्यावर झोके घेतात. एखाद्याचं बोट चेपल्यावर मग सगळे जमा होतात. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी मांडा. या साहित्याची देखभाल कुणाकडं? शेवटची तपासणी कधी झाली? मोडलेलं यंत्र किती दिवसांत काढणार किंवा दुरुस्त करणार? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

भरती अकॅडमी चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फी घेताना पोराची प्रकृती विचारून लिहून ठेवणं, आठवड्याला सुट्टी देणं, मैदानावर पाणी, बर्फ आणि एक गाडी तयार ठेवणं, याला फार खर्च नाही. आणि पालकांनो, पोरगं आज किती पळालं हे विचारता तसं, कुठं दुखतंय का हेही विचारा. भरती हुकेल या भीतीनं पोरं आपणहून ते सांगत नाहीत.